पाळी की बलुतं? एका उपमेची समीक्षा

मित्रहो, समीक्षा म्हटली की पुस्तक समोर लागतं, नाटक लागतं, निदान चित्रपट तरी लागतो. आज आपण समीक्षेला घेतली आहे ती एक उपमा. ती कुणा एका लेखकाची नाही. शाळेतल्या तक्त्यांवर, कीर्तनात, कारखान्याच्या वर्धापनदिनाच्या भाषणात आणि आता कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गातही आपण ती ऐकत आलो आहोत. ‘समाज म्हणजे मधमाश्यांचं मोहोळ’, ही ती उपमा. राणी राज्य करते, कामकरी माश्या राबतात, शिपाई मुंग्या पहारा देतात, कुणी कुरकुर करत नाही, म्हणून सगळं सुरळीत चालतं. तेव्हा तुम्हीही आपलं नेमलेलं काम मुकाट्यानं करा. गोष्ट कीटकांची असते, शेवटचं वाक्य मात्र आपल्याला उद्देशून असतं.

माणसारख्या गावात या उपमेबद्दल बोलायला खास कारण आहे. राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा काही भाग याच गावच्या शिवारात आहे. सकाळी या रस्त्यावर उभं राहून बघा. संगणकावर काम करणारे बसमधून उतरतात, सुरक्षारक्षकाची रात्रपाळी संपत असते, सफाईच्या बायका मागच्या दारानं आत जातात, चहावाला, कॅबवाला, बांधकामावरचा मजूर, ज्याचा त्याचा रस्ता ठरलेला. दहाव्या मजल्यावरून कुणी खाली पाहिलं तर सहज म्हणेल, ‘वारूळ आहे नुसतं!’ आमचा मुद्दा हा की या उद्गारात वारुळाबद्दलही चूक आहे आणि माणसांबद्दलही. दुसरी चूक जास्त महागात पडते.

आधी उपमेचा उगम पाहू. आपल्याला वाटतं, माणसानं निसर्ग पाहिला आणि धडा घेतला. प्रवास उलट्या दिशेनं झाला. ॲडम स्मिथनं १७७६ मध्ये टाचण्यांच्या कारखान्याचं उदाहरण देऊन श्रमविभागणीचा फायदा सांगितला. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ मिल्न-एडवर्ड्सनं १८२७ च्या सुमारास ती कल्पना अर्थशास्त्रातून उचलली आणि प्राण्याच्या शरीरातल्या अवयवांना लावली. डार्विननं १८५९ च्या ग्रंथात वांझ मुंग्यांच्या वेगवेगळ्या आकारांबद्दल लिहिताना ‘कास्ट’ हा शब्द वापरला आणि सुधारलेल्या माणसांना श्रमविभागणी जशी उपयोगी पडते तशीच ती मुंग्यांनाही पडते, असं म्हटलं. ‘कास्ट’ हा शब्द तरी कुठला? पोर्तुगीजांनी आपल्या ‘कास्टा’ या शब्दानं इथल्या समाजाचं वर्णन केलं, तिथून तो इंग्रजीत रुळला. म्हणजे आपल्याच गावगाड्याला चिकटलेला शब्द युरोपात गेला, वारुळात शिरला आणि ‘निसर्गाचा नियम’ होऊन आपल्याकडे परत आला. स्वतःच्या खिशातलं नाणं वारुळात टाकायचं आणि मग ‘सापडलं, सापडलं’ म्हणून ओरडायचं, असा हा प्रकार.

आता उपमेचे तीन दावे एकेक करून तपासू.

पहिला दावा, राणी राज्य करते. मधमाशीच्या पोळ्यात राणीचं काम अंडी घालणं. तिच्या अंगातून निघणाऱ्या गंधद्रव्यांमुळे पोळ्याला तिची हजेरी कळते, कामकऱ्यांची अंडकोशाची वाढ दबलेली राहते, हे खरं. पण कुणी कुठल्या फुलावर जायचं, कुणी मेण लावायचं, हे हुकूम ती सोडत नाही. मधपाळांना हे चांगलं ठाऊक असतं. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ साली ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. तिथल्यासारख्या सातेरीच्या पेट्या सांभाळणाऱ्या कुणालाही विचारा. राणी मेली तर कामकरी माश्या कोवळ्या अळ्यांपैकी काही निवडतात, त्यांची घरं मोठी करतात, त्यांना खास खुराक चालू ठेवतात आणि नवी राणी तयार करतात. अंडं तेच असतं, कामकरी होणारंही आणि राणी होणारंही. जिला प्रजा घडवते तिला राजा म्हणायचं का, हा प्रश्न शाळेतला तक्ता विचारत नाही.

याहून मजेचं उदाहरण गांधीलमाशीचं. घराच्या वळचणीला, खिडकीच्या छज्जाखाली कागदासारखं लहान उघडं पोळं करणारी एक तपकिरी गांधीलमाशी आहे, शास्त्रीय नाव रोपालिडिया मार्जिनाटा. दक्षिण भारतात ती सगळीकडे आढळते, आपल्याकडेही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही दशकं हिच्यावर काम केलं. इथे राणी आणि कामकरी दिसायला सारख्याच. म्हणून त्यांनी प्रत्येक माशीवर रंगाचा ठिपका दिला आणि कोण किती वेळ काय करते याची नोंद केली. गदगकर आणि एन. व्ही. जोशी यांनी १९८३ मध्ये ती मांडणी प्रसिद्ध केली. आकडेवारीतून माश्यांचे तीन गट पडले: बसून राहणाऱ्या, भांडणाऱ्या आणि बाहेर जाऊन अन्न आणणाऱ्या. राणी कुठल्या गटात असेल? आपण सगळे म्हणू, भांडणाऱ्यांत. दरारा नको का? ती निघाली बसून राहणाऱ्यांत. त्याच कुळातल्या दुसऱ्या एका गांधीलमाशीत मात्र राणी भांडखोर सापडली. म्हणजे ‘राणी’ हा एकच शब्द दोन वेगळ्या व्यवस्था झाकून टाकतो.

पुढचा प्रयोग आणखी बोलका आहे. या शांत राणीला पोळ्यावरून उचललं, तर काही मिनिटांत एक कामकरी माशी एकदम आक्रमक होते. राणी परत ठेवली की निवळते. नाही ठेवली, तर तिचा आक्रमकपणा हळूहळू ओसरतो, साधारण आठवड्याभरात ती अंडी घालू लागते आणि तीच नवी शांत राणी होते. बाकीच्या माश्या तिला सहसा आव्हान देत नाहीत. काल अळ्यांना भरवणारी आज राणी. आणि राणी असतानाही कामाची गती ती ठरवत नाही. कामकऱ्या एकमेकींना ढकलतात, टोचतात, त्यातून बाहेर जाणारीला भुकेचा अंदाज मिळतो, असं अभ्यासकांचं मत आहे. मुकादम नाही, पण रेटा आहे.

दुसरा दावा, प्रत्येक जण आपल्या कामासाठीच जन्माला येतो. इथे तर उपमा साफ आडवी होते. मधमाशीची कामकरी पहिले काही दिवस घरं साफ करते. मग अळ्यांना भरवते. मग मेण लावते, आलेला मकरंद घेऊन साठवते, काही जणी दारावर पहारा देतात आणि साधारण तीन आठवड्यांची झाल्यावर ती फुलांवर जायला लागते. हंगामात तिचं सगळं आयुष्य सहा आठवड्यांच्या आसपास. म्हणजे जवळजवळ प्रत्येक माशी दाई असते, गवंडी असते आणि शेवटी मकरंद गोळा करणारीही असते. कामं वेगवेगळी, पण ती करणाऱ्या वेगळ्या नाहीत.

हा क्रमही दगडावरची रेघ नव्हे. जीन रॉबिन्सन या अमेरिकी शास्त्रज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फक्त कोवळ्या माश्यांची वसाहत तयार केली. बाहेर जाणारी वयस्क माशी एकही नाही. तर काही माश्या आठवड्याभराच्या वयातच फुलांवर जाऊ लागल्या. उलट फक्त वयस्क माश्या ठेवल्या, तर त्यातल्या काही पुन्हा अळ्यांना भरवू लागल्या. अंगातली संप्रेरकंसुद्धा कामाबरोबर बदलली. गांधीलमाशीतही ध्रुव नाग आणि गदगकर यांना हेच दिसलं: माशीचं वय किती दिवसांचं यापेक्षा, पोळ्यातल्या इतर माश्यांच्या मानानं ती लहान की मोठी, यावर तिचं काम जास्त ठरतं. मुंग्यांचं पाहायचं तर डेबोरा गॉर्डन यांनी ॲरिझोनाच्या वाळवंटात दाणे गोळा करणाऱ्या मुंग्यांच्या वारुळाजवळ दात कोरायच्या काड्या टाकल्या. कचरा उपसणाऱ्या मुंग्यांचं काम वाढलं आणि त्याचा परिणाम दाणे आणणाऱ्यांच्या संख्येवरही झाला. काम ठरतं ते आत्ता काय पडलंय आणि वाटेत कोण कोण भेटलं, यावरून.

तिसरा दावा, सगळे सतत राबतात. जर्मन शास्त्रज्ञ मार्टिन लिंडाउअर यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खूण केलेल्या एका मधमाशीवर जवळपास १७७ तास नजर ठेवली होती. त्यातला निम्म्याहून बराच अधिक वेळ ती एकतर स्वस्थ बसली होती किंवा पोळ्यात नुसती हिंडत होती. हिंडणं वाया जात नाही. हिंडता हिंडताच कुठे काम पडलंय ते कळतं. अलीकडे ॲना डोर्नहाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका लहान मुंगीच्या वसाहतींत पाहिलं, तर कित्येक मुंग्या बहुतेक वेळ काहीच करत नाहीत. कामाच्या मुंग्या काढून घेतल्या की यांच्यातल्या काही त्यांची जागा घेतात. आपण मुलांना ‘मुंगीसारखं कष्टाळू हो’ म्हणतो ना? मुंगीनं ऐकलं तर तिला आश्चर्य वाटेल.

इथवर आपण उपमेतल्या चुका पाहिल्या. पण समीक्षेला एवढ्यावर थांबता येत नाही. प्रश्न असा की चुका दिसूनही शास्त्राची भाषा का बदलली नाही? जॉर्ज ऑस्टर आणि ई. ओ. विल्सन यांचा या विषयावरचा गाजलेला ग्रंथ १९७८ सालचा. त्याच्या नावातच ‘कास्ट’ आहे. या परंपरेत शरीराच्या घडणीवरून पडणारी ‘कास्ट’ आहे, तशी वयावरून पडणारीही आहे. म्हणजे आज दाई, उद्या गवंडी, परवा मकरंद आणणारी, तरी तिन्ही वेळा ‘कास्ट’. इंग्रजी वाचकाला यात खटकत नसेल. मराठीत म्हणून बघा: ‘वयाची जात’. तोंडातून निघत नाही! जी वयानं बदलते ती जात कसली?

योगायोग पाहा, त्याच १९७८ मध्ये दया पवारांचं ‘बलुतं’ प्रसिद्ध झालं. एका पुस्तकात जात हा कीटकांच्या कार्यक्षमतेचा गणिती घटक आहे. दुसऱ्यात ती आईच्या, मुलाच्या, पोटाच्या वाट्याला आलेली गोष्ट आहे. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचली तर शब्द एक आणि वस्तू दोन, हे लगेच ध्यानात येतं.

आणि हा फरक १९३६ मध्येच कुणी स्पष्ट केला होता? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं ते भाषण. मंडळानं परिषदच रद्द केली, भाषण झालं नाही, बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं. आपण व्याख्यानं ऐकणारी माणसं, तेव्हा न झालेल्या व्याख्यानाचं वजनही आपल्याला कळायला हवं. जातीचे समर्थक म्हणत, ही तर श्रमविभागणी, ती सगळ्याच सुधारलेल्या समाजांत असते. बाबासाहेबांचं उत्तर थोडक्यात असं: जातीत कामाची नव्हे, काम करणाऱ्यांची विभागणी होते. त्यांचे बंद कप्पे पडतात, कप्प्यांची उतरंड लागते, माणसाची आवड आणि कुवत विचारली जात नाही, आणि एका धंद्यात काम उरलं नाही तरी दुसऱ्यात जाता येत नाही, म्हणून बेकारी वाढते. आता ही कसोटी मधमाशीला लावा. बंद कप्पे? नाहीत. वंशपरंपरा? नाही. काम संपल्यावर दुसऱ्या कामाला बंदी? मुळीच नाही. म्हणजे निसर्गाच्या नावानं ज्या व्यवस्थेचं समर्थन केलं, तिला निसर्गाचा हा साक्षीदारच फितूर होतो.

मराठीत या दोन गोष्टींना दोन चांगले शब्द आधीच आहेत. एक ‘पाळी’. गिरणीत पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. शेतात पाणी देण्याची पाळी. पाळी येते आणि जाते, आज तुझी, उद्या माझी. दुसरा शब्द ‘बलुतं’. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या ‘गाव-गाडा’त या व्यवस्थेचं बारकाईनं वर्णन केलं आहे: सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, महार, ज्याचं काम त्याच्या घराण्याचं, आणि मोबदला सुगीच्या धान्यातून. मधमाशीकडे पाळी आहे, बलुतं नाही. आम्हाला वाटतं, इतक्या नेमक्या शब्दांत हा फरक सांगायची सोय इंग्रजीलाही नाही.

आता तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेल, ‘तुम्ही सोयीची उदाहरणं निवडली.’ आक्षेप रास्त आहे. वाळवीचा शिपाई मोठ्या जबड्यामुळे स्वतःचं अन्नही नीट खाऊ शकत नाही, त्याला कामकरी भरवतात. त्याची पाळी कधी बदलत नाही. मोठ्या डोक्याच्या मुंग्या असतात, त्यांचा आकार ठरला की ठरला. पण तिथेही विल्सननीच १९८४ मध्ये दाखवलं की लहान मुंग्यांची संख्या फार कमी केली तर मोठ्या डोक्याच्या मुंग्या अळ्या सांभाळायला लागतात. कठोर म्हणावी अशी रेघ मधमाशीतली राणी आणि कामकरी यांच्यातली. ती पडते लहानपणच्या खुराकामुळे. पहिल्या काही दिवसांत अळीला काय भरवलं, यावर तिचं उरलेलं आयुष्य ठरतं. उपमाच हवी असेल तर ही घ्या: जन्मानं सारखी असलेली बाळं, आणि वाढत्या वयात कुणाच्या पानात काय पडलं यावरून वेगळी झालेली आयुष्यं. हा धडा प्रशिक्षणवर्गात कुणी सांगत नाही.

तरीही सावध राहायला हवं. कारण उपमा उलटी फिरवून वापरण्याचा मोहही तितकाच वाईट. ‘बघा, मधमाशी कुठलंही काम करते, मग तुम्हीही लवचीक व्हा. आज हे, उद्या ते, परवा घरी.’ हे वाक्य या परिसरात अनोळखी नाही. पोळ्यातली लवचीकता प्रेमळ नसते. मधमाशीची एखादी कामकरी अंडं घालते, तर दुसऱ्या कामकऱ्या ते खाऊन टाकतात. रॅटनिक्स आणि व्हिश्चर यांनी १९८९ मध्ये हे दाखवलं. कोकणातली ओंबील, म्हणजे पानं शिवून घरटी करणारी तांबडी मुंगी, वयस्क कामकऱ्यांना हद्दीवरच्या घरट्यांत ठेवते, म्हणजे शत्रू आला तर आधी म्हाताऱ्या मरतील. वसाहतीच्या हिशेबात ते काटकसरीचं असेल. आपल्या आई-वडिलांबद्दल आपण असा हिशेब मांडतो का? मधमाशी जातीचं समर्थन करत नाही, तशी ती कंत्राटी नोकरीचंही करत नाही. ती फक्त मध करते, आणि तोही आपल्यासाठी नव्हे.

मग कीटकांकडून काहीच घ्यायचं नाही का? घ्यायचं. उपदेश नव्हे, प्रश्न विचारण्याची रीत. गदगकर-जोशींनी आधी नावं दिली नाहीत, आधी ठिपके दिले. कोण राणी हे गृहीत न धरता कोण किती वेळ काय करतं ते मोजलं, आणि मग जे दिसलं त्याला शब्द शोधले. माणच्या रस्त्यावरच्या सकाळीलाही हीच रीत लावता येईल. सुरक्षारक्षक, सफाई कामगार, अभियंता ही नावं थोडा वेळ बाजूला ठेवा. विचारा: या कामावरून त्या कामावर कोण जाऊ शकतं आणि कोण पिढ्यान्‌पिढ्या जाऊ शकलेलं नाही? गटारात उतरण्याचं काम कुणाच्या पाळीला येतं, की ते अजून कुणाचं तरी बलुतंच आहे? उंचावरून वारूळ म्हणणाऱ्याला हे दिसत नाही. तिथून सगळेच ठिपके सारखे.

राहता राहिला शब्दांचा प्रश्न. शब्द बदलून काय होणार, असं विचारलं जाईल. शास्त्राच्या दुनियेत हे घडलेलं आहे. जोन हर्बर्स या मुंग्यांच्याच अभ्यासक. ‘गुलाम करणाऱ्या मुंग्या’ हा शब्दप्रयोग सोडून द्यावा, असं त्यांनी २००७ मध्ये लिहिलं. अमेरिकेच्या कीटकशास्त्र संस्थेनं २०२१ मध्ये एका पतंगाचं, एका भटक्या समाजाचा अपमान करणारं नाव काढून टाकलं. आपल्याला तर अवघड काही करायचंच नाही. मराठी पाठ्यपुस्तकात, लेखात, भाषांतरात या ‘कास्ट’साठी ‘जात’ लिहू नये, कारण मराठीत ‘मुंगीची जात’ म्हणजे मुळात मुंगीचा प्रकार, आणि दोन्ही अर्थांची सरमिसळ होते. शरीरानं वेगळ्या असतील तिथे ‘रूप’ म्हणावं, काम बदलत असेल तिथे ‘पाळी’. ‘राणी’ आता रुळलाय, तो राहू द्या, पण तक्त्याखाली एक ओळ घालावी: ही राज्य करत नाही, अंडी घालते.

आणि मुंगळ्याचंही जरा बघावं. साखरेच्या डब्याभोवती दिसणारा तो मोठा काळा ‘मुंगळा’ आपण नर समजतो. ‘शिपाई’ म्हटलं की तोही पुरुषच. पण मुंगी, मधमाशी आणि गांधीलमाशी यांच्यातल्या कामकरी सगळ्या माद्या. नर असतात ते मीलनापुरते, थोड्या दिवसांचे. वाळवीचं वेगळं, तिथे कामकरी नरही असतात आणि माद्याही. राबणारी बाई आणि नाव पुरुषाचं, ही गोष्ट आपल्या सातबाऱ्याच्या उताऱ्यावरही पुष्कळ ठिकाणी दिसते. पण ती चूक मुंगीच्या माथी मारू नका, ती आपली आहे.

व्याख्यान ऐकणाऱ्यांना, आणि पुढे हे शब्दांकन वाचणाऱ्यांना, एक काम सांगतो. घराच्या वळचणीला गांधीलमाशीचं लहानसं पोळं असेल तर रॉकेल घेऊन धावू नका. चार-पाच हात लांब उभे राहा, हात लावू नका, घरात कुणाला दंशाची ॲलर्जी असेल तर आणखी लांबून बघा. अर्धा तास वहीत नोंद ठेवा: कोण बसली, कोण उडाली, कुणी कुणाला ढकललं. राणी कोणती ते ओळखता येतंय का बघा. बहुतेक येणार नाही. प्रश्न असतील तर आता विचारा, वेळ आहे.